मधे आलेलं घर

शाळेच्या छपरावर एक तबकडी,
खाडीपलीकडे दवाखान्याच्या छपरावर दुसरी.
इकडून निघालं की आधी एक बोडकं टेकाड,
मग चार किलोमीटर नुसतं पाणी.

केबल टाकायला माणसं येणार होती,
दर निवडणुकीला येणार होती.
म्हणून मी आणि शाळेचा शिपाई एलेउतेरिओ,
कमरेला दोर, दातांत पाना,
रुसलेल्या पोराची हनुवटी धरून
तोंड आपल्याकडे वळवावं
तशी तबकडीची मान वळवत बसलो,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
पलीकडून नर्स इर्मा मियालोन्को आरसा चमकवायची.
एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे पुरे.
तिसऱ्या दिवशी आकडा उणे एकसष्टवर टेकला
आणि एलेउतेरिओ हळूच म्हणाला,
"झाली नजरानजर."

नंतर सगळं सुरळीत, असं नाही म्हणवत.
चिलोएच्या या बाजूला भरतीचं पाणी
पाच-सहा मीटर चढतं,
आणि पाणी म्हणजे आडवा पडलेला आरसाच.
एकच शब्द दोनदा पोचतो,
एकदा थेट, एकदा लाटेवरून घसरून,
आणि दोन्ही मिळून एकमेकांना पुसून टाकतात.
इर्मानं भिंतीला भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवलं.
एक्स-रे पाठवायचे ते ओहोटीत.
आम्ही तिकडची तबकडी दोन हात खाली उतरवली.
भागलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मात्र सगळंच गप्प.
मी भरतीला बोल लावला, धुक्याला लावला,
वायर कुरतडणाऱ्या उंदरांना,
एलेउतेरिओच्या धाकट्याला,
ज्याचा चेंडू छपराशिवाय कुठे जातच नाही.
शेवटी वर चढले, दुर्बीण लावली,
आणि दवाखाना दिसायचा तिथे
दिसली एक निळी खिडकी,
खिडकीत मांजर.

शनिवारी तिथे घर नव्हतं.

दोन्या फेलिसिंदा चिगुआय यांचं घर.
त्यांच्याखालची दरड खचत चालली होती,
म्हणून रविवारी गावानं ते उचललं,
ओंडक्यांवर चढवलं, बैलांच्या नऊ जोड्या जुंपल्या,
आणि भिंती, जिना, चुलीच्या धुराड्यासकट
ओढत नेऊन ठेवलं टेकाडावर.
कोणी ओढलं म्हणून काय विचारता?
मीही होते दोराला.
हे बघा, फोड अजून ओले आहेत.
सगळ्यांच्यात ओरडत होते, "अजून थोडं! अजून थोडं!"
आणि ते थोडं नेमकं
माझ्याच रेषेत येऊन थांबलं.

आता त्यांना काय सांगणार, परत उचला?

त्या बटाटे सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं.
"म्हणजे तुमचं ते माझ्या आरपार जायला बघतंय?"
"बघतंय, पण जमत नाहीये."
सुरी थांबली.
"मग उतरू दे की इथे. इथून पुढे जाईल.
पण माझ्या धुराड्याला हात लावायचा नाही."

तर आता त्यांच्या छपरावर दोन तबकड्या,
पाठीला पाठ लावून.
एक शाळेकडे बघते, एक पाण्याकडे.
वायर खाली येते ती चुलीमागच्या प्लगला,
वाळत घातलेल्या लोकरीच्या मोज्यांशेजारी.
मांजर त्या डबीवर झोपतं, ऊब असते तिला.

एकच अडचण राहिली आहे.
रात्री नऊला दोन्या फेलिसिंदा बटण बंद करतात.
"दिवसभर बोलून दमतं ते," म्हणतात.
तीन वेळा समजावलं, चौथ्यांदा
त्यांनीच मला समजावलं.
म्हणून रात्री-अपरात्री कोणाचं दुखणं वाढलं
की इर्मा दवाखान्याच्या खिडकीत कंदील ठेवते.
म्हातारीला झोप अशीही कमीच.
पाण्यापलीकडचा तो ठिपका बघून
त्या उठतात, मांजराला बाजूला करतात
आणि बटण दाबतात.